५२ − २७ = ३५? वजाबाकीत मूल नेमकं कुठे अडतं, हे कसं ओळखतात

तिसरीतल्या दोन मुलांनी ५२ वजा २७ हे गणित सोडवलं. दोघांचंही उत्तर आलं ३५. तपासणाऱ्याने दोन्ही वह्यांवर फुली मारली आणि दोघांच्या नावापुढे एकच शेरा लिहिला, "हातच्याची वजाबाकी येत नाही."

पण त्यातल्या एकाने एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत म्हणून सरळ ७ मधून २ वजा केले. त्याच्या लेखी वजाबाकी म्हणजे मोठ्यातून लहान काढणं, मग मोठा अंक वर असो की खाली. दुसऱ्याने दशक सुटा केला, १२ मधून ७ काढले, ५ बरोबर लिहिले. पण दशकाच्या घरातला ५ चा ४ करायला विसरला. पहिल्याला हातचा म्हणजे काय हेच कळलेलं नाही. दुसऱ्याला जवळजवळ सगळं येतं. दोघांना एकाच 'कच्च्या' गटात बसवलं, तर एकाला जे हवं ते मिळत नाही आणि दुसऱ्याला नको ते पुन्हा गिरवावं लागतं.

मजा म्हणजे गणित ५२ वजा २८ असतं, तर ही गफलत झालीच नसती. पहिल्याचं उत्तर ३६ आलं असतं, दुसऱ्याचं ३४. एककातल्या दोन अंकांमध्ये पाचाचा फरक असला की या दोन्ही चुका एकाच उत्तरावर येऊन थांबतात. म्हणून चाचणी तयार करताना आकडे निवडणं हे अर्धं काम असतं. मुलांच्या अशा चुका वेंधळेपणाच्या नसतात, त्यांना ठरावीक नियम असतो, हे जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ मध्ये सविस्तर मांडलं. संगणकाच्या प्रोग्राममधल्या दोषाला म्हणतात तसं त्यांनी या चुकांना 'बग' म्हटलं.

टक्केवारी काय सांगते, काय सांगत नाही

'प्रथम' संस्थेचा 'असर' हा ग्रामीण भागातला सर्वेक्षण अहवाल २००५ पासून निघतो. त्यात मुलाच्या घरी जाऊन, एकेकाला समोर बसवून अंकओळख, दोन अंकी हातच्याची वजाबाकी आणि भागाकार तपासतात. देशभरात तिसरीतली किमान वजाबाकी करू शकणारी मुलं २०१८ मध्ये २८.२ टक्के होती, २०२२ मध्ये २५.९ टक्के आणि २०२४ मध्ये ३३.७ टक्के. देशाचं किंवा राज्याचं चित्र कळायला हे आकडे उपयोगाचे आहेत. उरलेल्या दोन तृतीयांश मुलांपैकी कोण कुठल्या पायरीवर अडलंय, हे मात्र त्यातून कळत नाही. तो त्या पाहणीचा हेतूही नाही. ते काम वर्गातल्या शिक्षकाचं.

"कसं काढलंस?"

यासाठीचं मुख्य साधन म्हणजे हा एक प्रश्न. तो उत्तर बरोबर असतानाही विचारायचा. फक्त चुकल्यावर विचारला, तर मुलं हुशार असतात, प्रश्न आला की लगेच उत्तर खोडतात.

५२ वजा २७ चं बरोबर उत्तर, म्हणजे २५, काढणारी मुलंही एकसारखी नसतात. एखादं मूल ५२ रेघा मारून २७ खोडतं. एखादं बोटांच्या पेरांवर मागे मागे मोजत येतं. एखादं म्हणतं, "२७ ला ३ दिले की ३०, मग २० दिले की ५०, अजून २, झाले २५." चौथं मूल उभी मांडणी करतं. चौघांनाही पूर्ण गुण मिळतात. पण तीन अंकी संख्या आल्या की रेघा मारणारं मूल तिथेच थांबतं, आणि ते आधी कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं.

विचार करण्याची पद्धत उघडी पडावी म्हणून काही खास गणितं देतात. ५१ वजा ४९ दिल्यावर मूल उभी मांडणी करायला लागतं की हसून "दोन" म्हणतं? ४० वजा १७ मध्ये शून्यापाशी काय करतं? ८ + ४ = ▢ + ५ मध्ये चौकटीत ७ ऐवजी १२ लिहिलं, तर बरोबरचं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिहा' असा त्याचा समज आहे.

शाब्दिक उदाहरणांत वेगळाच सापळा असतो. "तान्हा पोळ्याला रमाला ४५ रुपये बोजारा मिळाला. तो सीमापेक्षा ६ रुपयांनी जास्त आहे. सीमाला किती मिळाले?" बरीच मुलं 'जास्त' हा शब्द दिसताच बेरीज करतात आणि ५१ सांगतात. 'जास्त म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी' ही क्लृप्ती त्यांना कुणीतरी मदत म्हणूनच शिकवलेली असते.

मराठी आकड्यांची अडचण

मराठीत आणखी एक गोष्ट आधी तपासावी लागते. 'त्रेपन्न' म्हणताना तीन आधी येतो, लिहिताना पाच. ऐकून ३५ लिहिणारं मूल पुढची वजाबाकी अचूक करूनही चुकीचं ठरतं. एकोणतीस, एकोणचाळीस या नावांत तर वजाबाकीच दडलेली आहे, एक उणे तीस, एक उणे चाळीस. आणि एकोणनव्वदपर्यंत चाललेला हा नियम नव्याण्णवला मोडतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशा वाचनाचा पर्याय आला, तेव्हा केवढा वाद झाला! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्याची बाजू मांडली होती. पर्याय कुणाला पटो वा न पटो, अडचण खरी आहे. म्हणून चाचणीतलं गणित तोंडी सांगण्याबरोबर लिहूनही दाखवावं.

वर्ध्याचा धागा

हिशेब कामातून शिकावा, हा आग्रह वर्ध्याला नवा नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथेच शिक्षण परिषद भरली, आणि झाकिर हुसेन समितीने त्यातून नई तालीमचा अभ्यासक्रम आखला. त्यात गणित हस्तोद्योगाशी जोडलेलं होतं. सूतकताईत ६४० तारांची एक गुंडी. ३८५ तार झाले, गुंडी पुरी व्हायला किती हवेत? कातणारं मूल ३८५ वरून ४०० ला जातं, पंधरा, तिथून ६४० ला, दोनशे चाळीस, एकूण २५५. कागदावर हेच गणित ३४५ असं चुकू शकतं, कारण तिथे शून्यातून पाच जात नाहीत. पण सूत समोर असताना ३४५ म्हटलं, तर गुंडी भलतीच मोठी होईल हे मुलाला दिसतं. सेवाग्रामला नई तालीम समितीची आनंद निकेतन शाळा आजही चालते.

अर्थात, हातातलं गणित आपोआप कागदावर उतरत नाही. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आला. ही मुलं गिऱ्हाइकाला सुटे पैसे चोख परत करत होती, पण शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या साध्या गणितांत अडखळत होती. बाजारात काम न करणाऱ्या शाळकरी मुलांचं नेमकं उलट होतं. त्यामुळे एकच वजाबाकी दोन्ही रूपांत विचारून पाहावी लागते, एकदा नोटा-नाणी हातात देऊन आणि एकदा पाटीवर.

चाळीस मुलांच्या वर्गात हे सगळं एका दिवसात होत नाही. रोज तीन-चार मुलांशी पाच-पाच मिनिटं बोललं, तर दोन-अडीच आठवड्यांत वर्ग पूर्ण होतो. बोलताना शिकवायचं नाही, ऐकायचं. आणि मूल गप्प बसलं तर लगेच पुढचा प्रश्न टाकायचा नाही. वहीत गुणांऐवजी मुलाचं वाक्य जसंच्या तसं उतरवायचं: "दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले."