डोंगरांतील चालते रुग्णालय

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे नाव निघाले की बहुतेकांस व्ही. शांताराम यांचा १९४६ सालचा चित्रपट आठवतो. त्या कीर्तीत त्यांच्या बरोबरचे चौघे मात्र झाकोळून गेले. आम्हांस येथे स्वयंसेवकाच्या कर्तव्याचा विचार करावयाचा आहे, आणि तो पाचही जणांकडे पाहिल्यावाचून नीट होणार नाही.

जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमधून सेनापती चू तेह यांनी वैद्यकीय साह्य मागितले, तेव्हा काँग्रेसने १९३८ साली अटल, चोळकर, कोटणीस, बसु व मुखर्जी या पाच डॉक्टरांचे पथक धाडले. येनानला पोहोचण्यापूर्वीच कोटणिसांस पितृनिधनाची वार्ता कळली. पित्याच्या श्राद्धास पुत्र घरी नसणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. तरी ते परतले नाहीत.

१९४० साली ते व बसु उत्तर चीनमधील शान्सी-होपेइच्या डोंगराळ मुलुखात गेले. रुग्णालय म्हणजे इमारत, ही कल्पना तेथे निरुपयोगीच होती. शत्रूची चाहूल लागताच सारे बिऱ्हाड हलवावयाचे आणि शेतकऱ्यांच्या घरांत पुन्हा मांडावयाचे. जखमी माणसाला दिवसचे दिवस डोंगरवाटांनी वाहून आणावे, तर जखम चिघळून तो वाटेतच दगावे. म्हणून शल्यवैद्यानेच जखमेकडे जावे, ही रीत नॉर्मन बेथ्यून या कॅनडाच्या डॉक्टरांनी तेथे आधीच घालून दिली होती. औषधे व हत्यारे जनावराच्या पाठीवरून नेता यावीत म्हणून त्यांनी पुलाच्या आकाराची लाकडी चौकट बनविली आणि १९३७ साली जेथे युद्धाला तोंड फुटले त्या लुकोच्याओ पुलाचे नाव तिला दिले. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम विषारी होऊन नोव्हेंबर १९३९ मध्ये ते वारले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ साली कोटणिसांकडे आले. तत्पूर्वी १९४० च्या एका लढाईत ते सलग ७२ तास शस्त्रक्रिया करीत होते, असे सांगतात. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, अपस्माराने त्यांचा अंत झाला. मागे चिनी पत्नी व काही महिन्यांचा मुलगा राहिला.

आता आमच्या व्यवसायाच्या भाषेत थोडे. करार कायद्याच्या २५ व्या कलमान्वये मोबदल्यावाचूनचा करार, काही अपवाद सोडता, रद्दबातल ठरतो. (वकिलाला येथेही कलम सुचावे, याबद्दल वाचक क्षमा करतील!) या पाचांपैकी कोणासही कोणते न्यायालय डांबून ठेवू शकले नसते. परतीची वाट उघडी होती, म्हणूनच कोटणिसांच्या राहण्याला मोल आले. परंतु तीच वाट धरणाऱ्यांस उणे लेखणे आम्हांस मान्य नाही. मुखर्जी आजारी पडून परतले. अटल १९४० च्या सुमारास परतले, बसु १९४३ साली. नागपूरचे डॉ. चोळकर तर पथकात वयाने सर्वांत वडील. ज्या वयात माणसे प्रपंचातून अंग काढून घेण्याच्या गोष्टी बोलू लागतात, त्या वयात त्यांनी परक्या देशातील युद्धभूमीची वाट धरली, आणि १९३९ साली ते स्वदेशी परत आले.