जुन्या मोटारीचा फ्यूज बॉक्स बदलताना

सौंदड (जि. गोंदिया) - नागपूरहून रायपूरकडे जाताना साकोली मागे पडले की सौंदड येते आणि तेथून कोहमारा, देवरीकडे जाणाऱ्या वाटेवर जंगलाचा पट्टा लागतो. पूर्वी ६ क्रमांकाचा आणि आता ५३ क्रमांकाचा असलेला हा राष्ट्रीय महामार्ग रात्रभर मालवाहू ट्रकनी गजबजलेला असतो. अशा रस्त्यावर जुन्या मोटारीचे पुढचे-मागचे दिवे एकाच वेळी विझले, तर मागून येणाऱ्या ट्रकचालकाला आपल्यापुढे मोटार आहे, हेही उमगत नाही. बल्ब सहसा एकाच वेळी जात नाहीत. तेव्हा संशयाची सुई फ्यूज बॉक्सकडे वळते.

पुष्कळदा बॉक्स वितळलेला असतो आणि फ्यूज मात्र शाबूत असतो. वाहनधारक यामुळे बुचकळ्यात पडतात, पण कारण सोपे आहे. ६० वॅटचे दोन हेडलाइट १२ व्होल्टवर सुमारे १० अँपिअर प्रवाह घेतात. फ्यूज धरणारी पितळी क्लिप सैल झाली किंवा तिच्यावर हिरवा कळंक चढला आणि त्या सांध्यात केवळ एकदशांश ओहम रोध निर्माण झाला, तरी त्या चिमुकल्या जागेत १० वॅट उष्णता साचते. प्रवाह मर्यादेतच असल्याने फ्यूज उडत नाही. प्लॅस्टिक मात्र वितळत राहते. प्रीमियर पद्मिनीच्या पिढीत फ्यूजची टोके पितळी पट्ट्यांमध्ये उघडीच असत, त्यामुळे हा रोग तेथे आणखी लवकर जडे.

म्हणूनच नवा बॉक्स बसवण्यापूर्वी जुना का जळला, हे शोधणे अगत्याचे ठरते. २०१४ मध्ये उत्पादन थांबलेल्या मारुती ८०० सारख्या अनेक मोटारींत हा बॉक्स डॅशबोर्डखाली चालकाच्या बाजूला असतो. समोरच्या काचेचे रबर कडक होऊन पावसाचे पाणी तेथपर्यंत झिरपते. धानाच्या मुलखात उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही तपासाव्यात. त्याखेरीज नंतर जोडलेले १०० वॅटचे बल्ब, मोठा हॉर्न, म्युझिक सिस्टीम यांचा भार मूळ वायरिंगवर टाकलेला असेल, तर नवा बॉक्सही काही महिन्यांत त्याच वाटेने जाईल. अशा वाढीव उपकरणांसाठी बॅटरीजवळ स्वतंत्र फ्यूज आणि रिले लावणे योग्य.

सुटा भाग घेताना मोटारीचे मॉडेल व वर्ष जुळले पाहिजे. जुन्या बाजारातील बॉक्स स्वस्त पडतो. पण त्याच्या क्लिपांचा ताण आधीच गेलेला असण्याची शक्यता मोठी, आणि मूळ दुखणे तेच होते.

कामाला हात घालण्यापूर्वी किल्ली काढून बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडवावे. मोटारीची बॉडी ऋण टोकाला जोडलेली असते. धन टोक आधी सोडवताना पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्टसर्किट होते. शिवाय बॅटरीकडून बॉक्सपर्यंत येणाऱ्या मुख्य वायरला कित्येक जुन्या गाड्यांत फ्यूजचे संरक्षणच नसते. सोडवलेली केबल टोकाला पुन्हा टेकणार नाही अशी बाजूला बांधून ठेवावी. मग बॉक्सची छायाचित्रे घेऊन प्रत्येक वायरला चिकटपट्टीवर क्रमांक लिहावा. रंगावर विसंबू नये, कारण वीस वर्षांत कुणी कोणती वायर जोडली असेल, याचा नेम नसतो.

जळलेली वायर चकाकते तांबे दिसेपर्यंत कापावी. तेवढ्याच जाडीचा तुकडा जोडून दाबयंत्राने घट्ट थिंबल बसवावे आणि त्यावर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवावी. वायरी पिळून वर टेप गुंडाळण्याची पद्धत सर्रास आढळते, पण ती पुढच्या आगीची तयारीच होय.

नव्या बॉक्समध्ये फ्यूज लगेच भरू नयेत. सर्व स्विच बंद ठेवून, दारे लावून, बॅटरीचे ऋण टोक व त्याची केबल यांच्यामध्ये २१ वॅटचा बल्ब धरावा. तो प्रखर पेटला, तर मुख्य वायरमध्येच कोठेतरी दोष आहे. न पेटल्यास एकेक फ्यूज बसवत जावे. ज्या फ्यूजला बल्ब भडकेल, त्या शाखेत दोष. घड्याळ किंवा रेडिओमुळे तो मंद तांबूस दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. निर्दोष ठरल्यावर केबल पक्की करावी.

चपट्या फ्यूजमध्ये लाल १०, निळा १५, पिवळा २०, तर हिरवा ३० अँपिअरचा असतो. मूळ जागी लाल असेल तर लालच हवा. तो वारंवार उडतो म्हणून हिरवा लावणे किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळणे म्हणजे फ्यूजऐवजी वायरला जळू देणे.

शेवटी इंजिन सुरू करून हेडलाइट, वायपर व पंखा अर्धा तास चालू ठेवावा आणि बॉक्सच्या प्लॅस्टिकला हात लावून पाहावा. कोमट लागणे स्वाभाविक आहे. एखाद्या फ्यूजपाशी चटका बसत असेल, तर तेथील सांधा पुन्हा उघडावा. मुख्य वायर जळालेली असेल, तर हे काम अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच सोपवावे. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या मोटारीची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेताना परिवहन कार्यालयात दिव्यांचीही तपासणी होते, त्यामुळे दुरुस्ती त्या तारखेपूर्वी उरकलेली बरी.