मिस्टरी शॉपिंग : मोघम सूचनांचा भुर्दंड कुणाला?

सामान्य ग्राहक म्हणून दुकानात, बँकेत, उपाहारगृहात किंवा पेट्रोल पंपावर जायचे, तेथील सेवेचा अनुभव घ्यायचा आणि त्याचा अहवाल संबंधित कंपनीला द्यायचा, या पद्धतीला ‘मिस्टरी शॉपिंग’ म्हणतात. मराठीत अशा व्यक्तीला ‘गुप्त ग्राहक’ म्हणता येईल. १९४० च्या दशकात अमेरिकेत रूढ झालेली ही पद्धत पुढे बाजारपेठ संशोधनाचे एक मान्य साधन बनली. भारतात साखळी दुकाने, मोटार विक्रेते, बँका व तेल कंपन्या यांच्यामुळे ती महानगरांबाहेरही पोहोचली. मात्र या कामात सर्वाधिक मनस्ताप कशाचा होत असेल, तर तो संदिग्ध सूचनांचा.

कामाची रीत

कंपनी हे काम एखाद्या संशोधन संस्थेकडे सोपविते. संस्था सूचनापत्र व प्रश्नावली तयार करते आणि स्थानिक समन्वयकामार्फत गुप्त ग्राहक नेमते. ठरलेल्या दिवशी भेट द्यायची, सांगितलेली खरेदी करायची, पावती जपून ठेवायची आणि मुदतीत अहवाल धाडायचा, असा क्रम असतो. मोबदला प्रत्येक भेटीमागे ठरतो. खरेदीची रक्कम अनेकदा नंतर परत मिळते. अहवाल त्रुटीमुळे नाकारला गेला, तर मानधन बुडते आणि खरेदीचा व प्रवासाचा खर्चही अंगावर पडू शकतो. त्यामुळे सूचनेतील एका शब्दालाही येथे पैशाचे मोल असते.

शब्द एक, अर्थ अनेक

‘गर्दीच्या वेळी भेट द्यावी’ ही नेहमीची सूचना. महानगरात गर्दीची वेळ म्हणजे सायंकाळ. तालुक्याच्या गावी ती आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी असू शकते. ‘रांगेत किती वेळ लागला?’ या प्रश्नात घड्याळ दारात पाऊल टाकताच सुरू करायचे की रांगेच्या टोकाला उभे राहिल्यावर, हे सांगितलेले नसते. ‘किरकोळ खरेदी करावी’ म्हणजे किती रुपयांची? ‘पक्के बिल जोडावे’ असे म्हटले आणि दुकानदाराने साध्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला, तर आग्रह धरायचा की तशीच नोंद करायची? कर्मचाऱ्याचे नाव लिहायचे, पण विचारायचे नाही, अशी अट असते. छातीवर नावाची पट्टी नसेल, तर ती रकाना रिकामा ठेवल्याबद्दल अहवाल परत येतो.

भाषेचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. मूळ सूचनापत्र बहुधा इंग्रजीत असते. ‘कर्मचाऱ्याने अभिवादन केले का?’ या प्रश्नासमोर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच पर्याय असतात. वऱ्हाडात दुकानदार ‘या भाऊ, बसा’ किंवा नुसते ‘बोला भाऊ’ म्हणतो. हे अगत्य अभिवादनात धरायचे की नाही? एक गुप्त ग्राहक ‘होय’ लिहील, दुसरा ‘नाही’. सेवा तीच; गुण मात्र वेगळे.

वलगावच्या वाटेवर

अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पेढी नदीच्या काठी वलगाव आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी संत गाडगेबाबांचे याच परिसरात निर्वाण झाले. अशा गावातील पेट्रोल पंपाची तपासणी करावयाची आहे, असे समजा. सूचनापत्रात लिहिले आहे : ‘मापाची खातरजमा करावी.’ प्रत्येक पंपावर वैधमापनशास्त्र विभागाची मुद्रा असलेले पाच लिटरचे माप ठेवावे लागते आणि ग्राहकाने मागणी केल्यास त्यात इंधन मोजून दाखवावे लागते. मग खातरजमा म्हणजे माप जागेवर आहे की नाही एवढे पाहायचे, की प्रत्यक्ष मोजून मागायचे? मोजून मागितले, तर एवढी चौकशी करणारा ग्राहक विरळा असल्याने ओळख उघड होण्याचा धोका. न मागावे, तर तपासणी अपुरी. ‘शून्य दाखविले का?’ याही प्रश्नात कर्मचाऱ्याने तोंडाने सांगणे आवश्यक आहे की बोट दाखविणे पुरेसे, याचा उलगडा होत नाही. अशा अंदाजावर भरलेल्या अहवालातून पंपावरील मुलाला ताकीद मिळू शकते किंवा त्याचा प्रोत्साहन भत्ता कापला जाऊ शकतो. सूचना मोघम लिहिणारा मात्र नामानिराळा राहतो.

सूचना काटेकोर असली तर

सरकारी कामात या पद्धतीची भावंडे आहेत. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यात तक्रारदाराला पंचांसमक्ष बजावले जाते, की मागणी झाल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. नोटांना फिनॉल्फ्थलीन पावडर लावली जाते, इशाराही आधी ठरतो आणि या सर्वांचा पंचनामा होतो. लाचेची मागणी व स्वीकार सिद्ध होणे अनिवार्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. येथे सूचना सैल राहिली, तर खटलाच ढासळतो.

जून २०२० मध्ये तत्कालीन कृषिमंत्री दादा भुसे यांनी औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) शेतकरी म्हणून एका दुकानात युरिया मागितला. दुकानदाराने नाही म्हटले. साठा मात्र होता. जून २०२१ मध्ये अकोल्याचे तत्कालीन पालकमंत्री बच्चू कडू यांनी ‘युसूफ खाँ पठाण’ हे नाव घेऊन अकोला व पातूर येथे वेषांतर करून पाहणी केली. अशा पाहणीत विचारणारा व प्रश्न ठरविणारा एकच असतो. युरियाच्या बाबतीत तर प्रश्न एकच होता आणि त्याचे उत्तर साठ्याशी ताडून पाहता येत होते.

वैद्यकीय संशोधनातही हीच दक्षता दिसते. मुंबई व पाटणा येथे क्षयरोगाच्या उपचारांचा दर्जा तपासण्यासाठी प्रशिक्षित ‘बनावट रुग्ण’ डॉक्टरांकडे पाठविण्यात आले; तो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाने कोणती तक्रार सांगायची, कोणत्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे, हे आधी निश्चित केलेले होते. म्हणूनच दोन डॉक्टरांची तुलना शक्य झाली.

काम स्वीकारण्यापूर्वी

काही गोष्टी लेखी विचारून घेणे हिताचे ठरते : भेटीची नेमकी वेळ, खरेदीची कमाल रक्कम, पावती न मिळाल्यास पर्याय, वेळमापन कोठून सुरू करायचे, कोणत्या कारणाने अहवाल नाकारला जाईल आणि शंका आल्यास कोणाशी संपर्क साधायचा. दूरध्वनीवरील तोंडी खुलासा वादाच्या वेळी उपयोगी पडत नाही. अनुभव प्रश्नावलीत बसत नसेल, तर शेरा रकान्यात घडले ते जसेच्या तसे, कर्मचाऱ्याच्याच शब्दांत लिहावे. काम देण्यासाठी आधी नोंदणी शुल्क वा अनामत मागणाऱ्यांपासून दूर राहावे. या नावाखाली फसवणुकीचे प्रकार जगभर घडले आहेत.

संस्थांनीही सूचनापत्र अंतिम करण्यापूर्वी ते एका मोठ्या शहरात व एका लहान गावात प्रत्यक्ष वापरून पाहावे. दोन व्यक्तींनी एकच प्रसंग पाहून वेगवेगळी उत्तरे लिहिली, तर दोष पाहणाऱ्यांत शोधण्याआधी प्रश्नात शोधावा. माप खोटे असेल तर तोल खरा येत नाही, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. सेवेचे माप घेणाऱ्यांनाही तोच नियम लागू आहे.