निळी रेषा, लाल रेषा

१२ जुलै १९६१. सकाळी पानशेतचे काम अपुरे असलेले मातीचे धरण फुटले आणि आंबीचा लोंढा खडकवासल्यावर येऊन आदळला. एकोणिसाव्या शतकातली ती दगडी भिंतही दुपारी खचली. पुण्यात नारायण, शनिवार, कसबा या नदीकाठच्या पेठांतील मातीचे वाडे धडाधड कोसळले.

पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या, हे बहुतेकांना ठाऊक असते. नदीकाठच्या जमिनीचे पुढे काय झाले, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

त्याचे लेखी उत्तर यायला २८ वर्षे लागली. १९८९ मध्ये राज्याच्या पाटबंधारे खात्याने परिपत्रक काढून नद्यांकाठी दोन पूररेषांची पद्धत घालून दिली. ढोबळमानाने, २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदी ते निळी रेषा हा पट्टा निषिद्ध; तेथे बाग, मैदान, शेती चालेल, घर नाही. निळी ते लाल हा पट्टा नियंत्रित. बांधकाम करा, पण जोते उंच. सध्याच्या नियमावलीनुसार हे जोते लाल रेषेच्या पातळीहून किमान ०.४५ मीटर वर हवे.

‘१०० वर्षांतून एकदा’ या शब्दांनी अनेकांची फसगत होते. पूर येऊन गेला म्हणजे शंभर वर्षांची निश्चिंती, असे नव्हे. दर वर्षी एक टक्का शक्यता, असा त्याचा अर्थ; म्हणजे ३० वर्षांचे गृहकर्ज फिटेपर्यंत सुमारे २६ टक्के!

नियमाचे खरे दुखणे वेगळेच. रेषा आखणारे खाते एक, बांधकामाला परवानगी देणारी महापालिका दुसरी. शिवाय रेषा कागदावर स्थिर असते, पात्र नसते. भराव पडून ते अरुंद झाले की तेवढेच पाणी अधिक उंच चढते. विठ्ठलवाडीहून महामार्गाकडे निळ्या रेषेच्या आतून जाणाऱ्या रस्त्याचा वाद याच मुद्द्यावर राष्ट्रीय हरित लवादापुढे गेला आणि २०१३ मध्ये निकाल महापालिकेच्या विरोधात लागला.

मुठेची निळी रेषा ६०,००० क्युसेक विसर्ग धरून मानली जाते. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सुमारे ३५,००० क्युसेक पाणी सुटले, खालच्या ओढ्यांचे पाणी त्यात मिसळले आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीतील सोसायट्यांचे तळमजले बुडाले. रहिवाशांच्या मदतीला लष्कर बोलवावे लागले.