गृहस्थांची अणुव्रते

जैन धर्माचे नाव निघताच सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे मोरपिसांच्या पिंछीने भूमी झाडीत पाऊल टाकणारा दिगंबर मुनी किंवा मुखपट्टी बांधलेला साधू उभा राहतो. एवढे कठोर वैराग्य आपल्या आवाक्यातले नाही, असे म्हणून तो दुरूनच हात जोडतो आणि आपल्या उद्योगाला लागतो. या धर्माचे बहुसंख्य अनुयायी मात्र पूर्वीपासून गृहस्थच होते. ते पेढीवर बसत, शेती करीत, व्याजबट्टा करीत, मुलाबाळांची लग्ने लावीत. त्यांच्यासाठी आचार्यांनी जे नियम सांगितले, त्यांचा इतिहास मुनिधर्माइतकाच उद्बोधक आहे.

मुनीची ती महाव्रते आणि गृहस्थाची ती अणुव्रते. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह ही पाच नावे दोघांना समान; भेद आहे तो प्रमाणाचा. मुनीने सर्वस्वाचा त्याग करावा. गृहस्थाने आपल्या संग्रहाला स्वतःच मर्यादा घालून घ्यावी. या मर्यादेला ‘परिग्रहपरिमाण’ असे नाव आहे.

श्वेतांबर आगमांपैकी ‘उपासकदशा’ या ग्रंथात महावीरांच्या दहा गृहस्थ उपासकांच्या कथा आहेत. त्यांतील पहिला आनंद हा वाणिज्यग्रामचा धनाढ्य गृहपती. चार कोटी सुवर्णमुद्रा कोठारात, चार कोटी व्याजी लावलेल्या आणि चार कोटी घरप्रपंचात गुंतलेल्या. शिवाय दहा दहा हजार गायींचे चार कळप, पाचशे नांगरांची शेती आणि मालवाहतुकीच्या शेकडो गाड्या, असा त्याचा पसारा होता. महावीरांचा उपदेश ऐकून आनंद उठला तो घर सोडून गेला नाही. ‘जे आहे त्याहून अधिक नको’ असा त्याने नियम केला. इतकेच नव्हे, तर दातवण कोणते, फळ कोणते, वस्त्र कोणते, याही गोष्टींची त्याने मर्यादा ठरविली. त्याची पत्नी शिवनंदा हिनेही ती व्रते स्वीकारली.

येथे एक आक्षेप सहज सुचतो. ज्याच्यापाशी बारा कोटी आहेत त्याने तेराव्या कोटीचा मोह सोडला, यात त्याग तो कोणता? आक्षेप खोटा नाही. मर्यादा स्वतःच ठरवायची म्हटल्यावर ती ऐसपैस ठरविण्याची सोय राहतेच. तथापि व्यापारी मनाची घडण ज्याला ठाऊक आहे, त्याला या नियमाचे मर्म कळेल. लोभाला ‘पुरे’ हा शब्द ठाऊक नसतो. तो शब्द भर वैभवात उच्चारणे हीच त्या व्रताची पहिली पायरी होती.

याहून अधिक लक्षणीय आहे ती अतिचारांची गणना. अतिचार म्हणजे व्रताला लागणारा दोष. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत रचला गेलेला आणि दिगंबर व श्वेतांबर या दोन्ही संप्रदायांना मान्य असलेला ‘तत्त्वार्थसूत्र’ हा ग्रंथ प्रत्येक अणुव्रताचे पाच पाच अतिचार सांगतो. अस्तेयव्रताचे दोष कोणते? चोराला प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे निर्बंध मोडून व्यापार करणे, देण्याघेण्याची मापे कमीअधिक ठेवणे आणि अस्सलाच्या जागी नक्कल खपविणे. सत्यव्रताच्या दोषांत खोटा दस्तऐवज करणे आणि ठेव बुडविणे यांचा समावेश आहे. अहिंसेचे दोष तर गोठ्यात आणि रस्त्यावर नित्य दिसणारे आहेत: प्राण्याला जखडून बांधणे, मारणे, त्याचे अवयव छेदणे, त्याच्यावर अतिभार लादणे आणि त्याचे अन्नपाणी तोडणे.

ही यादी ज्याने केली, त्याला बाजारपेठ पुरती ठाऊक असली पाहिजे. भेसळ, खोटी वजने, चोरटा व्यापार, बनावट कागद या आजच्या वर्तमानपत्रांतल्या गोष्टी त्याने व्रतभंगाच्या सदरात घातल्या. पाणी गाळून प्यावे आणि तराजूची दांडी मात्र मारावी, अशा धार्मिकतेला या व्यवस्थेत जागा नाही. बाराव्या शतकात गुजरातच्या कुमारपाळ राजासाठी हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्र’ लिहिले. त्यात आदर्श गृहस्थाचे पस्तीस गुण सांगताना त्यांनी पहिला मान दिला तो न्यायाने मिळविलेल्या धनाला. दान, पूजा, यात्रा या सर्वांच्या आधी पैसा कोठून आला, हा प्रश्न त्यांनी उभा केला.

अर्थात शास्त्रात लिहिले म्हणून समाजात उतरले, असे कोठेच घडत नाही. अन्यायाने मिळविलेल्या धनातून मंदिराचा कळस उभारून समाधान मानणारे लोक सर्वच धर्मांत झाले, तसे जैनांतही झाले. परंतु आदर्शाचा धागा तुटला नाही. १८९१ साली विलायतेहून परतलेल्या गांधीजींची मुंबईत श्रीमद् राजचंद्रांशी भेट झाली. राजचंद्र हिऱ्यामोत्यांचे व्यापारी. लाखोंचा सौदा आटोपताच धर्मचिंतनाची वही हाती घेणारा हा जवाहिऱ्या पाहून गांधीजी प्रभावित झाले आणि आपल्या जीवनावर खोल ठसा उमटविणाऱ्या व्यक्तींत त्यांनी त्यांची गणना केली.

महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांचे उदाहरण आहे. कुंभोजच्या जैन कुळात १८८७ साली जन्मलेल्या भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली. सत्यशोधक विचारांची प्रेरणा आणि घरचे संस्कार यांचा त्यांच्या ठायी संगम झाला होता. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवू लागली. त्या मुलांच्या अन्नासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. अपरिग्रहाचा अर्थ तेथे पोथीतून भाकरीच्या टोपलीत उतरला.

महायुद्धानंतर नियंत्रणे आणि काळाबाजार यांनी देशाचे व्यवहार गढूळ केले असता, १ मार्च १९४९ रोजी राजस्थानात सरदारशहर येथे तेरापंथाचे आचार्य तुलसी यांनी अणुव्रत आंदोलनाचा आरंभ केला. त्यांनी जुने नाव ठेवले आणि दार मोठे केले. कोणत्याही धर्माच्या माणसाने आपला धर्म न सोडता ही व्रते घ्यावीत, अशी योजना होती. व्यापाऱ्याने भेसळ करू नये, अधिकाऱ्याने लाच घेऊ नये, अशा साध्या प्रतिज्ञांवर तिची उभारणी होती.

कायदा आणि व्रत यांत एक भेद आहे. कायद्याला निरीक्षक लागतो, आणि निरीक्षकाची पाठ फिरली की माप हलके होऊ शकते. व्रताचा निरीक्षक मनुष्य स्वतःच असतो. प्रचंड उलाढालींच्या आजच्या जगात कायद्यावाचून चालणार नाही, हे खरे. पण दुकानदार प्रत्येक शेराला आणि कारकून प्रत्येक कागदाला जागला नाही, तर कायदाही एकटा पुरा पडत नाही. आनंद गृहपतीने पुष्कळ मिळवूनही ‘पुरे’ म्हटले होते. आपल्या गरजांच्या यादीपुढे तो शब्द कोठे लिहावयाचा, हे आजही ज्याचे त्यानेच ठरवावयाचे आहे.