नोकरी सुरू कुठे होते? उंबऱ्यावर की गेटवर?

मंडळी, वाशिंदकरांना आजचा विषय फोड करून सांगायला नको. पहाटेची लोकल धरून आपली माणसं कल्याण-ठाण्याला कामाला जातात. वाटेत अपघात झाला, हात-पाय गेला, तर तो नोकरीतला अपघात धरायचा का? भरपाई मिळणार की नाही, हे या एका प्रश्नावर ठरत आलं.

१९२३ च्या कामगार भरपाई कायद्याची अट होती, की अपघात नोकरीमुळे आणि नोकरीच्या दरम्यान घडलेला हवा. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने, म्हणजे आपल्या ईएसआयनेही तीच अट ठेवली. तिचा अर्थ लावायचं काम कोर्टांकडे आलं.

पहिलं प्रकरण मुंबईचं. जोगेश्वरी डेपोत ड्युटी संपवून बेस्टचा एक चालक बेस्टच्याच बसने घरी निघाला आणि अपघातात दगावला. आयुक्तांनी पत्नीचा दावा फेटाळला, उच्च न्यायालयाने तो मान्य केला, आणि १९६३ साली सर्वोच्च न्यायालयानेही बाईंच्याच बाजूने निकाल दिला. बसप्रवासाची ती सोय नोकरीचाच भाग होती, असं न्यायालयाने मानलं.

पण स्वतःच्या सायकलवर जाणाऱ्याचं काय? एका कामगाराला शिफ्ट सुरू व्हायच्या पंधरा मिनिटं आधी, कारखान्यापासून किलोमीटरभरावर लॉरीने धडक दिली. गळपट्टीचं हाड मोडलं. खालच्या कोर्टांनी मंजूर केलेला अपंगत्व लाभ १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाकारला. सार्वजनिक रस्त्यावरचा तो अपघात नोकरीतला ठरला नाही.

हा अन्याय संसदेने २०१० साली दुरुस्त केला. ईएसआय कायद्यात कलम ५१-ई आलं: घर ते काम या वाटेवरचा अपघातही नोकरीतलाच, फक्त वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसला पाहिजे.

मग जुन्या अपघातांचं काय? २००३ साली साखर कारखान्याचा एक वॉचमन पहाटे तीनच्या पाळीला जाताना वाटेत गेला. उस्मानाबादच्या आयुक्तांनी कुटुंबाला ३,२६,१४० रुपये मंजूर केले. २०११ मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केले. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परत दिले. ५१-ई ने जुन्याच तरतुदीचा अर्थ स्पष्ट केलाय, म्हणून ते आधीच्या अपघातांना आणि १९२३ च्या कायद्यालाही लागू, असं न्यायालय म्हणालं.

न्याय मिळाला खरा, पण बावीस वर्षांनी! शिवाय 'संबंध दिसला पाहिजे' ही अट आहेच. तेव्हा शिफ्टची वेळ, नेहमीची वाट, रेल्वेचा पास, हजेरी यांचे कागद आपण जपून ठेवायचे. दावा नाकारला गेला, तर कोर्टात पहिला प्रश्न त्यांचाच निघतो.