पोचपावतीचा मागोवा

दादरचा शिकवणीवर्ग, गिरगावातला प्रकाशक, लालबागचं एखादं मंडळ, कुणाचीही वेबसाइट उघडा. ‘संपर्क’ नावाचं पान बहुधा सापडतंच. नाव, ई-मेल, निरोप अशा तीन चौकटी आणि खाली ‘पाठवा’ हे बटण. ही मांडणी संगणकाबरोबर आली असं वाटतं. पण मुंबईच्या कष्टकऱ्यांनी तशाच चौकटी त्याआधी शंभर वर्षं भरल्या आहेत, टपाल कचेरीच्या खिडकीवर.

१ जुलै १८७९ रोजी भारतात पाव आण्याचं पोस्टकार्ड सुरू झालं. निरोप स्वस्त झाला, पण उघड्यावर आला. पुढच्या सहा महिन्यांत, १ जानेवारी १८८० पासून, मनीऑर्डरचं काम सरकारी खजिन्यांकडून टपाल खात्याकडे आलं. खात्याच्या छापील मनीऑर्डर फॉर्मची रचना आजही अभ्यासावी अशी आहे. पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता, घेणाऱ्याचं नाव-पत्ता, रक्कम आकड्यांत आणि अक्षरांतही, म्हणजे मागाहून कुणी शून्य वाढवू नये. कुपनावर निरोपापुरती चार ओळींची जागा. आणि एक वेगळा भाग पोचपावतीचा.

हा शेवटचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पैसे भरले की खिडकीवर लगेच पावती मिळे. तिचा अर्थ इतकाच की खात्याने जबाबदारी घेतली. पुढे गावचा पोस्टमन घरी जाऊन पैसे मोजून देई आणि सही घेई. लिहिता येत नसेल तर साक्षीदारासमोर अंगठा. ती सही किंवा अंगठा घेऊन पोचपावती उलट टपालाने मुंबईत येई. ‘घेतलं’ आणि ‘पोचलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या फॉर्मला पक्कं ठाऊक होतं.

परळ-लालबागच्या गिरणी कामगाराचं घर या व्यवस्थेवर चालत होतं. कोकणातून किंवा घाटावरून आलेला माणूस गाळ्यात राही, खाणावळीत जेवे आणि पगार झाला की गावी मनीऑर्डर करी. ज्याला लिहिता येत नसे, त्याच्यासाठी मुंबईच्या मुख्य टपाल कचेरीसमोर, म्हणजे जीपीओसमोर, पत्रलेखक बसत. बायकोचं आजारपण, बांधावरचं भांडण, सावकाराचा तगादा, सगळं त्या परक्या माणसाला सांगावं लागे आणि तो ते चार ओळींत बसवी. ऐकलेलं तो चारचौघांत बोलणार नाही, या विश्वासावर त्याचा धंदा उभा होता. फॉर्म सुरक्षित असणं म्हणजे मुळात हेच: ज्याने सांगितलं त्याचं बोलणं ज्याच्यासाठी आहे त्याच्याकडेच जावं.

वेबपानावर भरता येणाऱ्या चौकटी १९९३ च्या सुमारास आल्या. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्याच वर्षी प्रोग्रामर मॅट राइट यांनी ‘फॉर्ममेल’ नावाची छोटी आज्ञावली फुकट दिली. भरलेला फॉर्म ती ई-मेलने पाठवून देई, म्हणून ती जगभर पसरली. पण तिच्यात एक भोक होतं: निरोप कुणाला पाठवायचा तो पत्ता पानातच दडवून लिहिलेला असे. भामट्यांनी तो बदलून दुसऱ्यांच्या सर्व्हरवरून जाहिराती पाठवायला सुरुवात केली. मनीऑर्डर खिडकीतून आत गेल्यावर घेणाऱ्याचं नाव परस्पर कुणाला बदलता येऊ नये, हा जुना नियम इथे सुटला होता.

आज साधा आणि सुरक्षित फॉर्म करणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी. घेणाऱ्याचा पत्ता सर्व्हरवरच ठेवावा, पानात नाही. पान एचटीटीपीएसवर असावं, म्हणजे भरलेला मजकूर वाटेत कुणाला वाचता येत नाही. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेमुळे २०१५ च्या अखेरीपासून त्याचं प्रमाणपत्र फुकट मिळतं. आलेला मजकूर सर्व्हरवर पुन्हा तपासावा, कारण ब्राउझरमधली तपासणी कुणीही टाळू शकतो. नाव आणि ई-मेलच्या चौकटीत नवी ओळ स्वीकारू नये, नाहीतर त्या ओळीतून आणखी पत्ते घुसवता येतात. यंत्रांना अडवायला माणसाला न दिसणारी एक रिकामी चौकट ठेवावी; ती भरलेली आली तर निरोप बाजूला काढावा. चित्रं ओळखायला लावणारी कोडी शक्यतो नकोत, कमी दिसणाऱ्या माणसाला ती दारातच थांबवतात.

आणि विचारावं कमी. शंकेचं उत्तर द्यायला जन्मतारीख लागत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही सांगितलेल्या कामापुरतीच माहिती घ्या म्हणतो. मनीऑर्डरचा फॉर्म ते आधीपासून पाळत होता.

पण आजचे बहुतेक फॉर्म चुकतात ते पोचपावतीपाशी. बटण दाबलं की ‘धन्यवाद, आपला संदेश मिळाला’ असं उमटतं, आणि ई-मेल कुठे तरी गळून जातो. याचं नेहमीचं कारण साधं आहे: फॉर्म ते पत्र भरणाऱ्याच्याच पत्त्यावरून आल्यासारखं पाठवतो, घेणाऱ्याच्या मेलसेवेला ते बनावट वाटतं आणि ती ते अडवते. म्हणून पत्र स्वतःच्या डोमेनवरून पाठवावं आणि भरणाऱ्याचा पत्ता फक्त उत्तरासाठी जोडावा. निरोप आधी सर्व्हरवर साठवावा, मग ई-मेल करावा, आणि साठवल्याची खात्री झाल्यावरच धन्यवाद म्हणून निरोपाचा क्रमांक द्यावा.

ही झाली खिडकीवरची पावती. दुसरी, सहीची पावती कोणतीही आज्ञावली देऊ शकत नाही. ती माणसाच्या उत्तरानेच येते. म्हणून फॉर्मच्या वर एक वाक्य लिहावं: हे निरोप कोण वाचतं आणि उत्तर किती दिवसांत मिळेल. ते वाक्य पाळता येणार नसेल, तर फॉर्म काढून टाकून तिथे फोन नंबर आणि वेळ लिहिणं जास्त प्रामाणिकपणाचं आहे.